आंब्याच्या पेटीचा ट्रक

सकाळी पावणेसहा

भोसरीच्या एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते, त्यामुळे माझा रविवार गुरुवारी येतो. त्या दिवशी मुलाची शाळा असते, आणि रविवारी तो घरी असतो तेव्हा मी कंपनीत. दोघांच्या वाट्याला एकत्र येते ती फक्त गुरुवारची दुपार. आजची दुपार तीन आठवड्यांपासून ठरलेली होती. आज ट्रक पुरा करायचा.

आधी पाणी भरून घेतलं. पोळ्या केल्या, डबा भरला, सासूबाईंना चहा दिला आणि कपाटावरचा बुटांचा खोका खाली काढला. खोक्यावर मुलाने स्केचपेनने लिहिलंय, ‘ट्रकचे सामान. हात लाऊ नये.’ तो दुसरीत आहे.

या ट्रकची सुरुवात एका बंद पडलेल्या गाडीपासून झाली. दिवाळीत त्याला रिमोटची लाल गाडी घेतली होती. पाचव्या दिवशी ती थांबली. दुकानदाराने खोकाही उघडला नाही. “याला गॅरंटी नसते ताई, नवीन घेऊन जा,” म्हणाला. घरी आणून उघडायला गेले तर वरच्या भागाला एकही स्क्रू नाही, सगळं चिकटवलेलं. शेवटी पात्याने कापली. आत मोटरची एक वायर सुटून कार्डावर पडली होती आणि आयसी जळला होता. वायर तुटली नव्हती, जॉइंटमधून अलगद निघाली होती. ड्राय सोल्डर.

मी एका कारखान्यात टच-अपच्या टेबलावर काम करते. वेव्ह सोल्डरिंगच्या मशीनमधून कार्ड बाहेर आलं की त्याचा एकेक जॉइंट भिंगाखाली बघायचा. कुठे सोल्डर कमी पडलंय, कुठे दोन पाय एकमेकांना चिकटलेत, कुठे जॉइंट वरून गोल दिसतो पण आतून धरलेलाच नाही, ते शोधून नीट करायचं. अकरा वर्षं मी हेच करते आहे. त्यामुळे त्या लाल गाडीचा मला फार राग आला. एका जॉइंटला दोन सेकंद जास्त दिले असते तर ती गाडी वर्षभर चालली असती. मुलाने कापलेली गाडी हातात घेतली आणि विचारलं, “तू कंपनीत हेच नीट करतेस ना? मग?”

त्याचं ‘मग?’ खोक्यात भरायला मला चार महिने लागले.

सव्वासात

शाळेची व्हॅन आली. जाताना त्याने बजावलं, “मी आल्याशिवाय बॉडी करायची नाही.” कबूल केलं. सोल्डरिंगचं काम मात्र त्याच्यामागेच उरकायचं ठरवलं होतं. तापलेलं आयर्न आणि सात वर्षांचं पोर एका खोलीत नको.

पावणेआठ

गॅलरीजवळ वर्तमानपत्र पसरलं आणि खोका उलटा केला.

प्रत्येक वस्तू कुठून आली ते मला सांगता येईल. पुढचा एक्सल आणि चाकं वळवायची यंत्रणा त्या लाल गाडीतली. तिच्यात छोटी मोटर आहे आणि बटण सोडलं की चाकं सरळ करणारी स्प्रिंग. मागच्या चाकांसाठी दोन पिवळ्या गिअर मोटरी, ज्यांना सगळे बीओ मोटर म्हणतात, त्या भाच्याच्या डिप्लोमाच्या प्रोजेक्टमधून उरलेल्या. रिमोट आणि त्याच्या जोडीचं रिसिव्हरचं कार्ड जुन्या बाजारातलं. हा बाजार पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरतो. मुलाचे बाबा ट्रक चालवतात. एका रविवारी घरी होते, तेव्हा मुलाला घेऊन तिथे गेले आणि चाक नसलेली, टप उडालेली एक गाडी रिमोटसकट घेऊन आले. मी सेल लावून बघितलं, कार्ड शाबूत होतं. एलईडी एका मोडक्या टॉर्चमधले आणि एका बंद पडलेल्या राउटरमधला. वायरी जुन्या चार्जरच्या. चेसीससाठी प्लायवूडची पट्टी शेजारी फर्निचरचं काम चाललं होतं तिथली. आंब्याच्या रिकाम्या पेटीच्या फळ्या गेल्या मे महिन्यापासून गॅलरीत पडून होत्या.

लाल गाडीची मागची मोटर मात्र घेतली नाही. तिचे गिअर पळण्यासाठी होते, ओढण्यासाठी नव्हते. बीओ मोटरीत आतली मोटर अठ्ठेचाळीस वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरतं. वेग जातो, पण ताकद येते. ट्रकला ताकद हवी, कारण मुलाला त्यात सामान भरायचं होतं.

सगळं जुनं, पण सेल नवा. याबाबतीत मी हट्टी आहे. लॅपटॉपच्या बाद बॅटरीतून १८६५० नंबरचे सेल काढून वापरणारे खूप आहेत. अठरा मिलिमीटर जाड आणि पासष्ट मिलिमीटर लांब, म्हणून त्याला तो नंबर. त्यातले काही सेल चांगले निघतातही. पण त्या सेलने आधी काय भोगलंय, किती वेळा पूर्ण उतरलाय, किती तापलाय, हे बाहेरून कळत नाही, आणि लिथियमचा सेल बिघडला की तो नुसता बंद पडत नाही, पेटू शकतो. मोठ्या माणसाने स्वतःच्या टॉर्चला तो वापरावा की नाही हे त्याने ठरवावं. मुलाच्या हातात जाणाऱ्या खेळण्यात मी तो घालणार नाही. म्हणून मागच्या गुरुवारी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन एक नवा सेल, त्याचा होल्डर आणि चार्जिंगचं छोटं कार्ड घेतलं. ते कार्ड घेतानाही बघावं लागतं. सारख्याच दिसणाऱ्या दोन प्रकारांपैकी ज्यावर बॅटरीच्या दोन जागांशिवाय ‘आउट’च्या वेगळ्या दोन जागा असतात, त्यात सेल जास्त उतरू न देणारं आणि शॉर्ट झाल्यास तोडणारं सर्किट असतं. तोच घ्यायचा. होल्डर एवढ्यासाठी, की सेलवर थेट सोल्डर कधी करायचं नाही. त्या उष्णतेने सेल आतून खराब होतो.

जुन्या बाजारातली गाडी तीन पेन्सिल सेलवर, म्हणजे साडेचार व्होल्टवर चालायची. आपला एक लिथियम सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो आणि बराच वेळ ३.७ च्या आसपास राहतो. कार्डाला तेवढं पुरतं, हे आधीच तपासून ठेवलं होतं.

नऊ

सासूबाई मेथी निवडायला माझ्याजवळ येऊन बसल्या. मी मीटर काढून एकेक वायर बझरवर तपासायला लागले. प्रत्येक ‘टीं’ला त्या मान वर करायच्या. चौथ्या-पाचव्या वायरीला आवाज आला नाही, तेव्हा त्यांनीच सांगितलं, “ही गेली.” वायर बाहेरून धड, आतून तुटलेली होती. त्यानंतर आवाजाकडे त्यांनी लक्ष ठेवलं आणि मी फक्त वायरी बदलत गेले.

सोल्डरची वायर शिशाविना असलेली आणली होती. घरी बहुतेक जण साठ-चाळीस वापरतात, साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसं. ती लवकर वितळते आणि जॉइंट चमकदार होतो. शिशाविना असलेली वितळायला २१७ अंशांच्या वर जावं लागतं, टिप जास्त तापवावी लागते आणि जॉइंट जरा मळकट दिसतो. नव्या माणसाला तो ड्राय वाटेल. पण मुलं खेळणं उघडतात, बोटं तोंडात घालतात. शिसं नको.

सोल्डर करताना मी तेच करते जे टेबलावर करते. आधी वायरीचं टोक कथलून घ्यायचं, मग टिप पॅडला आणि वायरीला एकदम लावायची, दोन्ही तापू द्यायची, आणि सोल्डर टिपेला न लावता जॉइंटला लावायचं. ते आपणहून आत ओढलं गेलं पाहिजे. मग थंड होईपर्यंत हात हलवायचा नाही. एवढंच. त्या लाल गाडीत हा शेवटचा क्षणच कुणीतरी दिला नव्हता.

दहा वाजून दहा मिनिटं

लाईट गेली. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, हे इकडच्या घराघरांत ठाऊक असतं, तरी मी साडेदहाचा अंदाज धरला होता. आयर्न बाजूला ठेवलं आणि चेसीसचं काम घेतलं. प्लायच्या पट्टीला गिरमिटाने भोकं पाडली, मोटरी बसवल्या, पुढचा एक्सल बसवला. कुठेही गोंद लावला नाही. सगळीकडे एकाच मापाचे स्क्रू घेतले, म्हणजे एका स्क्रूड्रायव्हरने ट्रक पूर्ण उघडता यावा. न उघडणारं खेळणं मुलाला देऊ नये, असं मला त्या लाल गाडीपासून ठाम वाटतं. बिघडलेली वस्तू उघडून बघता आली तर पोरगं तिथेच बसून राहतं. बघता आली नाही तर ते नवीन मागतं, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

एका मागच्या चाकाचा रबर हरवलेला होता. सायकलच्या जुन्या ट्यूबचे वेढे कापून दोन्ही चाकांना चढवले. एकालाच चढवले असते तर एक चाक जाड झालं असतं आणि ट्रक एका बाजूला ओढला असता.

अकरा वाजून वीस मिनिटं

लाईट आली. उरलेल्या वायरी जोडल्या, स्विच लावला, चेसीस दोन पाठ्यपुस्तकांवर ठेवला म्हणजे चाकं अधांतरी राहिली. रिमोटचं ‘पुढे’ दाबलं. मागचं उजवं चाक पुढे फिरलं आणि डावं मागे.

ही चूक करायची नाही हे माहीत असूनही केली. दोन्ही मोटरी चेसीसच्या दोन बाजूंना एकमेकींकडे तोंड करून बसतात. दोघींना सारख्याच वायरी दिल्या की त्या एकमेकींच्या उलट्या चालतात. डाव्या मोटरीचा लाल आणि काळा बदलला. पाच मिनिटांचं काम.

पुढचं काम पाच मिनिटांचं नव्हतं. चाकं आता एका दिशेने फिरत होती, पण अडखळत. फिरायची, थांबायची, परत फिरायची, आणि मध्येच पुढची चाकं कुणी न सांगता डावीकडे झटका द्यायची. मला आधी माझ्याच जॉइंटचा संशय आला. भिंग घेऊन सगळे तपासले, वायरी ओढून बघितल्या. एकही हलला नाही. मग सेलवर मीटर धरला. मोटर चालू असतानाही ४.० व्होल्ट, म्हणजे ताकद कमी पडत नव्हती. मग रिमोट अगदी जवळ नेला, तर ट्रक सुरळीत. दोन हात लांब गेले, परत अडखळायला लागला. मागच्या मोटरींच्या वायरी काढून नुसतं पुढचं वळण तपासलं, तर स्वयंपाकघराच्या दारातूनही ते नीट चाललं.

म्हणजे दोष रिमोटमध्ये नव्हता आणि कार्डातही नव्हता. मोटरीच आरडाओरडा करत होत्या. मोटरीच्या आत ब्रश फिरत्या भागाला घासतात आणि त्यातून बारीक ठिणग्या उडतात. प्रत्येक ठिणगी म्हणजे छोटासा रेडिओच. रिमोटचा संदेश लांबून येऊन आधीच क्षीण झालेला असतो, तो या आवाजात बुडून जातो. त्यावर उपाय स्वस्त असतो. मोटरीच्या दोन पायांवर आडवा एक सिरॅमिक कपॅसिटर, ज्यावर १०४ छापलेलं असतं. दहावर चार शून्यं, इतके पिकोफॅरड. तो ठिणगीचा आवाज मोटरीपाशीच गिळून टाकतो.

लाल गाडीच्या मोटरीवर एक १०४ होता. मोटर वापरली नव्हती, पण ठेवून दिली होती. दुसरा मिळाला बंद पडलेल्या एफएम रेडिओच्या कार्डावर. दोन्ही काढले, पाय जितके आखूड ठेवता येतील तितके ठेवून मोटरींवर लावले आणि मोटरीच्या वायरी एकमेकींना पिळून घेतल्या. रिसिव्हरच्या अँटेनाची वायर मोटरींपासून लांब, पुढच्या बाजूला नेली. ती कापली मात्र नाही. लोंबते म्हणून ती वायर कापणारे लोक असतात, आणि मग रिमोट लांबून चालत नाही अशी तक्रार करतात.

पुस्तकांवर ठेवून परत चालवलं. मी जिन्यापाशी गेले, दहा-बारा पावलं. चाकं गरगर, एकसारखी. सासूबाई आतून ओरडल्या, “चाललं गं!”

बारा पंचेचाळीस

मुलगा आला. दप्तर दारात, बूट पायात, आणि नजर पुस्तकांवरच्या चाकांवर. आधी जेवायला बसवला. जेवताना त्याने विचारलं, “रिमोटला वायर नाही, मग ट्रकला कसं कळतं?”

याचं उत्तर मी आधीच ठरवून ठेवलं होतं. जेवण झाल्यावर त्याला पॅसेजमध्ये डोळे मिटून उभा केला. सांगितलं, मी आधी चार सावकाश टाळ्या वाजवीन. त्याचा अर्थ, ‘आता ऐक.’ मग भराभर टाळ्या वाजवीन त्या मोजायच्या. एक म्हणजे पुढे, चार म्हणजे मागे, सहा म्हणजे डावीकडे, सात म्हणजे उजवीकडे.

खऱ्या रिमोटमध्ये आकडे मोठे असतात, बाकी पद्धत हीच. त्याच्या आतल्या आयसीचं नाव टीएक्स-२, आणि ट्रकमधल्या जोडीदाराचं आरएक्स-२. चीनमधून येणाऱ्या असंख्य स्वस्त गाड्यांत हीच जोडी असते. बटण दाबलं की रिमोट चार लांब ठोके देतो आणि मग मोजून छोटे. पुढे जायचं तर १०, मागे ४०, डावीकडे ५८, उजवीकडे ६४. सेकंदाला हजार छोटे ठोके इतक्या वेगाने. चौसष्टपर्यंत मोजायला ट्रकला डोळ्याची पापणी लवण्याएवढाही वेळ लागत नाही.

तो पॅसेजमध्ये पुढे-मागे, डावी-उजवीकडे चालला. शेजारच्या घरातली दोन मुलं आली आणि तीही टाळ्या वाजवायला लागली. हा मध्येच थांबला. “मला कळत नाहीये कुणाचं ऐकायचं!” म्हणाला. मला तेच हवं होतं. एकाच फ्रिक्वेन्सीच्या दोन गाड्या जवळ आल्या की असंच होतं. आपला रिमोट २७ मेगाहर्ट्झचा आहे, तसाच दुसऱ्या कुणाचा असला की एकाच्या बटणावर दुसऱ्याची गाडी हलते. आणि सकाळी आपल्याच मोटरींनी असाच गोंगाट केला होता, हेही सांगितलं. १०४ त्याने बोट लावून बघितला.

“हे पहिल्यांदा कुणी केलं?” हा त्याचा पुढचा प्रश्न. निकोला टेस्लाने. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात छोटी बोट ठेवून त्याने ती वायरीशिवाय चालवून दाखवली होती. “ट्रक नव्हता?” त्याने विचारलं. नव्हता, बोट होती. तो जरा नाराज झाला.

अडीच

बॉडी. दिवसातला सगळ्यात लांबलेला आणि मला सगळ्यात आवडलेला भाग.

केबिन सनबोर्डची कापली, तिच्या खिडक्यांना बिस्किटाच्या ट्रेचं पारदर्शक प्लॅस्टिक लावलं. हौदा आंब्याच्या पेटीच्या फळ्यांचा. पातळ, हलकं लाकूड, कटरने कापलं जातं आणि सँडपेपर मारला की कुसळ राहत नाही. सँडपेपर मारायचं काम मुलाचं. मी प्रत्येक फळी गालावरून फिरवून बघत होते, टोचली की परत त्याच्याकडे. मागचा फाळका त्याला उघडणारा हवा होता, “बाबांच्या गाडीसारखा, साखळी लावून.” पेटीच्याच दोन तारा वाकवून बिजागऱ्या केल्या आणि तुटलेल्या गळ्यातल्याची साखळी लावली.

बाबांच्या गाडीला बारा टायर आहेत. हे त्याने मोजून सांगितलं आणि आपल्या ट्रकला चारच का, असं विचारलं. बारा जमणार नव्हते. सासूबाई मदतीला आल्या. “तुझा बाबा पहिल्यांदा क्लीनर म्हणून गेला ना, ती गाडी सहा टायरची होती. ही तीच.” मग मागच्या दोन्ही चाकांना बाहेरून बाटलीचं एकेक काळं झाकण लावून जोडटायर केले. ती जमिनीला टेकत नाहीत, पण मोजायला सहा भरतात. केबिनच्या मागे स्टेपनीसाठी लाल गाडीचं चाक.

ताडपत्रीही सासूबाईंनी शिवली. जुन्या रेनकोटचा तुकडा, चारी कडांना दुमड, आणि दोरी ओवायला काजं. त्यांचे हात आता थरथरतात, म्हणून सुई मी ओवून दिली. बाकी सगळं त्यांचं.

सनबोर्ड कापताना मला माझी शाळा आठवली. आम्हाला एकदा पुणे विद्यापीठातल्या आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत नेलं होतं. तिथे अरविंद गुप्तांची काड्यांची, स्ट्रॉची, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी हातात घ्यायला मिळाली. ती मोडली तरी चालेल, हे तिथे पहिल्यांदा ऐकलं. घरी असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. गुप्तांबद्दल मी पुढे वाचलं. कानपूरच्या आयआयटीतून इंजिनिअर होऊन ते पुण्याला टेल्कोत आले, म्हणजे इथे पिंपरीत, जिथे ट्रक बनतात. ती नोकरी सोडून ते मुलांची खेळणी करायला लागले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं इंटरनेटवर फुकट वाचता येतात, मराठीतही. ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांनी ती जरूर बघावीत.

पुढच्या दिव्यांना टॉर्चमधले पांढरे एलईडी लावले, मागे राउटरमधला लाल. पांढऱ्याला तीन व्होल्ट लागतात, लालला दोन. सेल त्याहून जास्त देतो, म्हणून प्रत्येक पांढऱ्याआधी शंभर ओहमचा रेझिस्टर आणि लालआधी दोनशे वीसचा. त्यांचे पट्टे मुलाने वाचले. तपकिरी-काळा-तपकिरी, लाल-लाल-तपकिरी. आज तो रंग शिकला, हिशेब पुढे कधीतरी.

पावणेपाच

पॅसेजमध्ये पहिली फेरी. सहा मीटर, अठरा सेकंद. आपण चालतो त्याहून बराच हळू. शेजारचा मुलगा म्हणाला, “स्लो आहे.” आमचा म्हणाला, “लोड आहे म्हणून,” आणि हौदा रिकामा होता.

मग खरोखर लोड भरला. एक किलो साखरेची पिशवी. सपाट फरशीवर ट्रक निघाला, आवाज खाली गेला, पण निघाला. उंबरठ्यावर अडकणार हे दिसतच होतं. उंबरठा चार सेंटिमीटरचा. पेटीची पन्नास सेंटिमीटरची फळी तिरकी टेकवून चढ केला. एक किलोला ट्रक अर्ध्यावर थांबला. मी लगेच बटण सोडायला सांगितलं, कारण चाक अडलेलं असताना मोटर चालू ठेवली तर ती आणि कार्ड दोन्ही तापतात. ही एक गोष्ट मी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतली. साखर काढून अर्धा किलो शेंगदाणे ठेवले. ट्रक हळूहळू चढला, उंबरठा ओलांडून स्वयंपाकघरात गेला आणि ओट्याखाली थांबला. मुलाने फाळका उघडला, पिशवी उतरवली आणि आजीला म्हणाला, “सही करा.”

आजीने त्याच्या वहीत सही केली.

साडेसहा

बाबांचा व्हिडिओ कॉल. चाकणहून गाड्यांचे पार्ट घेऊन होसूरला निघालेत, हुबळीच्या पुढे ढाब्यावर थांबले होते. मुलाने त्यांना ट्रक चारी बाजूंनी दाखवला. त्यांनी ड्रायव्हरसारखाच बघितला. पहिला प्रश्न, “मागे रेडियम कुठाय?” त्यांच्या गाडीचे उरलेले रिफ्लेक्टर टेपचे तुकडे माळ्यावर आहेत, तेही त्यांनीच सांगितलं. पुढे पांढरा, बाजूला पिवळा, मागे लाल. बारीक पट्ट्या कापून तशाच लावल्या. पिवळ्या कागदावर काळ्या अक्षरांत नंबरप्लेट, एमएच १४ पासून सुरू होणारी.

मुलाला मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायचं होतं. बाबा म्हणाले, नाही चालणार, महाराष्ट्रात २०१५ मध्ये ते लिहायला बंदी आली. विनाकारण हॉर्न वाजवायला ते उत्तेजन देतं म्हणून. “मग काय लिहू?” “तुझी गाडी, तू ठरव.”

तो बराच वेळ स्केचपेन हातात धरून बसला. मग फाळक्यावर लिहिलं, ‘आजीची कृपा’. ‘कृ’ मी काढून दिला. सासूबाईंनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि देवाजवळचा कुंकवाचा करंडा आणून ट्रकच्या केबिनला बोट लावलं. नव्या गाडीची पूजा करतात तशी लिंबूमिरचीही हवी होती, पण लिंबू संपलं होतं. नुसती मिरची बांधली.

आठ

दिवे घालवून दोन फेऱ्या. पांढरा उजेड फरशीवर पडून पुढे सरकत जातो आणि मागे लाल ठिपका, ते बघायला मजल्यावरची सगळी मुलं दारात उभी होती.

जेवणानंतर मुलाला स्क्रूड्रायव्हर दिला आणि ट्रक उघडायला सांगितला. आठ स्क्रू काढले की हौदा आणि केबिन वेगळी होतात. त्याने आठही काढून वाटीत ठेवले. आत कुठली वस्तू कुठून आली हे मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. मोटर दादाची, पुढचा एक्सल लाल गाडीचा, एक १०४ लाल गाडीचा, एक रेडिओचा, कार्ड जुन्या बाजारातलं. सेलकडे बोट करून म्हणाला, “हा नवा. याला हात लावायचा नाही, आई असल्याशिवाय.” मग आठही स्क्रू परत बसवले. एक तिरका गेला होता, तो त्याने स्वतः काढून सरळ केला.

पावणेदहा

मुलगा झोपलाय. ट्रक खाटेखाली, उशाच्या बाजूला.

झोपण्याआधी सेलवर मीटर लावला. ३.८ व्होल्ट. अजून तासाभराची चाल शिल्लक आहे. चार्जिंगला लावला नाही. घरातले सगळे झोपलेले असताना लिथियमचा सेल चार्ज करायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. सकाळी पाणी भरताना जुन्या मोबाईलच्या चार्जरवर लावीन. लाल दिवा जाऊन निळा लागला की काढायचा. उद्या शुक्रवार, माझी पहिली शिफ्ट.